पालथा हात

मे महिन्यात शेवटचा पाऊस पडला, तो पडला. त्यानंतर ऑक्टोबर निम्मा सरला तरी डोंगराच्या या धारेवर थेंब नव्हता. टेकडीवरचं गवत पाय ठेवला की काचेसारखं मोडायचं, आणि ओकची पानं झाडावरच करकरायची.

मार्नी शिडीवर उभी राहून पन्हळीतल्या पाइनच्या सुया मुठीमुठीने ओढून खाली टाकत होती. अंगणात सावलीला लाकडी कठड्याच्या आत तिची दहा महिन्यांची ओपल बसली होती. वरून सुया पडल्या की ती टाळ्या पिटायची. आई आपल्यासाठीच हा खेळ खेळतेय, अशी तिची पक्की खात्री होती.

सकाळपासून रेडिओवर वणव्याचा लाल इशारा चालू होता. संध्याकाळी सहानंतर ईशान्येचा वारा सुटणार, दुपारी तीनला वीज तोडणार. तार तुटून ठिणगी पडायला नको, म्हणून ही खबरदारी. पण वीज गेली की विहिरीचा पंप गेला, आणि पंप गेला की पाणी गेलं. त्यामुळे मार्नीने न्हाणीतला टब, कचऱ्याचे दोन मोठे डबे, सगळी पातेली, एवढंच काय, ओपलचा पिवळा टबसुद्धा काठोकाठ भरून ठेवला होता. ठिणगीने पेटू नये म्हणून दारातलं काथ्याचं पायपुसणं गाडीच्या डिकीत गेलं होतं. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी होती. नवरा, क्लेट, तीन आठवड्यांपासून उत्तरेत वणवे विझवणाऱ्या तुकडीबरोबर होता. घर, पोर आणि वारा, तिन्ही आज तिच्या एकटीच्या पदरात होते.

"उतर खाली, मान मोडून घेशील!"

वर्ना आली होती. क्लेटची आई. खालच्या अंगाला, ओकच्या झाडीपलीकडे दोनशे पावलांवर तिचं घर. साखरेच्या दुखण्याने तिच्या पायांची जाणीव गेली, तेव्हापासून डॉक्टरांनी तिची गाडी बंद केली होती. ती पायीच यायची, जमिनीकडे बघत, पाय कुठे पडतोय ते डोळ्यांनी तपासत. आज तिच्यामागे हातगाडी होती. गाडीत शरदात ओसरी सजवायचं सामान होतं: पेंढ्याचे दोन गठ्ठे, मक्याच्या वाळक्या ताटांची जुडी, तीन भोपळे, आणि वर रानवेलीचं वाळक्या फुलांनी सजवलेलं कडं.

मार्नी शिडीवरून उतरली. "वर्ना, आज नको."

"आज नको तर काय नाताळात? पोरीचा पहिला शरद आहे. क्लेटचा पहिला फोटो याच ओसरीवर, असाच गठ्ठ्यावर बसवून काढलाय. कान बघ त्याचे त्या फोटोत, घागरीचे जणू."

"यंदा राहू दे. वारा येऊन गेला की लावू."

"अगं, वारा दर वर्षी येतो. नातीचं पहिलं वर्ष एकदाच येतं." बोलता बोलता वर्नाने कडं दाराच्या खिळ्याला अडकवलंसुद्धा. मग ती आत जाऊन ओपलची बाटली गरम करून घेऊन आली. "हे घे, बरोब्बर आहे."

मार्नीने बाटली हातात घेतली आणि चटकन दुसऱ्या हातात टाकली. चांगलीच पोळत होती. ती आत गेली. नळाखाली बाटली धरून गार केली, पण राग मात्र गार झाला नाही. ती बाहेर आली तेव्हा वर्ना पेंढ्याचा गठ्ठा ओसरीच्या लाकडी खांबाला टेकवत होती.

"दाराला चूड बांधून ठेवल्यासारखं आहे हे!" मार्नीच्या तोंडून निघून गेलं.

वर्ना सावकाश वळली. "व्हर्जिल पस्तीस वर्षं कोल्टर गावच्या आगीच्या बंबाचा कप्तान होता. त्याच्या बायकोला तू आग शिकवणार?"

"मग कप्तानाच्या घराखालचं गवत गुडघाभर का आहे? आग खालून चढते. आधी तुमच्या पट्ट्यातून येईल आणि मग माझ्या पोरीपर्यंत."

बोलून झालं आणि मार्नीला आपली जीभ चावावीशी वाटली. व्हर्जिल होता तोवर तो पट्टा मेच्या आतच तासलेला असायचा. तो गेल्याला दोन वर्षं झाली होती. क्लेट दोनदा कापून गेला, तिसऱ्यांदा त्याला वणव्यावर बोलावणं आलं. वर्ना खाली वाकली. गठ्ठे पुन्हा हातगाडीत टाकले, मक्याची ताटं टाकली, आणि पावलं मोजत खाली निघून गेली. कडं तेवढं दारावर राहिलं.

धारेवर एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. कोरड्या दिवसांत गवत कापायचं ते सकाळी दहाच्या आत, रात्रीचा ओलावा जमिनीत आहे तोवर. नंतर यंत्राचं पातं दगडाला लागलं की ठिणगी उडते. लाल इशाऱ्याच्या दिवशी तर यंत्राला हातही लावायचा नाही. कोल्टरच्या दुकानात या नियमाची पाटी होती, व्हर्जिलने स्वतःच्या हाताने रंगवलेली.

साडेअकराला ओपल झोपली. मार्नी भिंतीलगतचा पाचोळा दाताळ्याने ओढत होती, तेव्हा खालून घरघर ऐकू आली. पहिल्यांदा तिला वाटलं, दरीपलीकडे कुणी लाकूड कापतंय. मग तिने मान वर केली. आवाज पुढे जात होता, वळत होता, परत येत होता. कुणीतरी चिडून, घाईघाईने गवत कापत होतं.

"वर्ना!" ती ओरडली. "वर्ना, बंद करा!"

टण्ण.

यंत्र थांबलं. त्यानंतरची शांतता मार्नीला कधी विसरता येणार नव्हती. शांततेतून एक बारीक निळसर रेघ वर आली, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी.

तिने ओपलला झोपेतून उचलून पाठीवरच्या झोळीत घातलं आणि ती धावली. वर्ना ओल्या पोत्याने जाळ झोडपत होती. केस सुटलेले, तोंडातून शब्द नाही. ज्वाळा घोट्याएवढ्याच होत्या, पण गवतातून अशा सरकत होत्या, जणू त्यांना रस्ता आधीच माहीत होता. मार्नीने वर्नाच्या नळाची नळी ओढली, तोटी पूर्ण सोडली. पाठीवर ओपल खोकत होती, रडत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी दोन खोल्यांएवढा काळा डाग उरला, एका कडेला मोठ्या ओकच्या बुंध्याला टेकलेला.

बंब बोलवायला मार्नीने फोन काढला.

"नको." वर्नाने तिचं मनगट धरलं. "विझलीय ना? नको बोलावू त्यांना. व्हर्जिलच्या बायकोने लाल इशाऱ्याला भर दुपारी यंत्र चालवलं... अगं, त्याची पाटी अजून आहे दुकानात."

मार्नी तिच्याकडे बघत राहिली. भुवया होरपळल्या होत्या, पोतं अजून हातात होतं. ही बाई गवतात का शिरली ते मार्नीला माहीत होतं. तिच्याच शब्दांनी तिला तिथे ढकललं होतं. तिने फोन खिशात टाकला.

"मग व्हर्जिलच्या पद्धतीने," ती म्हणाली. "बोटाबोटाने."

व्हर्जिलची पद्धत म्हणजे हातमोजा काढायचा आणि पालथा हात राखेवर धरायचा, मग टेकवायचा. तळवा कष्टाने निबर झालेला असतो, तो खोटं बोलतो. पालथा हात खरं सांगतो. आईने लेकराचा ताप बघावा तसा जमिनीचा ताप बघायचा, आणि सगळी जमीन गार लागल्याशिवाय उठायचं नाही.

त्यांनी डाग वाटून घेतला. वरचा अर्धा मार्नीने, ओककडचा खालचा अर्धा वर्नाने. दोघी गुडघ्यांवर रांगत होत्या. आईला रांगताना बघून ओपलचं रडणं थांबलं. मार्नीला दोन जागा कोमट लागल्या. तिने त्या फावड्याने उकरून, पाण्यात कालवून त्यांचा चिखल केला.

"इकडे सगळं गार आहे," वर्ना म्हणाली.

तीन वाजता नळीतली धार बारीक झाली, दोनदा उचकली आणि थांबली.

साडेचारपर्यंत मार्नीने गाडी भरली. लंगोट, दूध, कागदपत्रं, क्लेटचे ते कानवाले फोटो. वर्नाला घेऊन वारा सुटायच्या आत कोल्टरमध्ये मैत्रिणीकडे जायचं ठरलं होतं. वर्ना मार्नीच्या स्वयंपाकघरात थर्मासात भरायला कॉफी करत होती. ओपल किरकिरत होती म्हणून मार्नीने तिच्या कपाळाला पालथा हात लावला. ताप नव्हता. कपाळावर राखेचा एक काळा पट्टा मात्र उमटला.

"हे धर गं, मी थर्मासचं बूच काढते," वर्ना म्हणाली, आणि चुलीवरून उतरवलेलं पातेलं तिने मार्नीपुढे धरलं.

मार्नीने पातेल्याची मूठ धरली आणि किंचाळून सोडली. कॉफी फरशीभर झाली. मूठ नुसती लोखंडी होती, जाळावर तापून रसरसलेली. वर्नाने ती फडक्याशिवाय उचलून, चुलीपासून टेबलापर्यंत आणून, शांतपणे धरून ठेवली होती.

"काय झालं?" वर्नाने विचारलं.

मार्नीने तिचा हात ओढून उलटा केला. तळव्यावर पांढरा फोड धरत होता. सकाळची बाटली तिच्या डोळ्यांपुढे आली. बरोब्बर आहे.

"कधीपासून?"

वर्नाने हात सोडवून एप्रनखाली घातला. "पायांच्या मागोमागच. उन्हाळ्यापासून."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू ओपलला माझ्याकडे दिली असतीस?"

मार्नीने खिडकीतून खाली ओककडे बघितलं. दोघींना एकदमच कळलं. खालचा अर्धा डाग, ओककडचा, ज्या हाताने तपासला त्या हाताला निखारा आणि गारगोटी सारखीच होती.

मार्नी ओपलला पाठीवरच्या झोळीत घालून पळत खाली गेली. धूर नव्हता, वास तोच शिळा, सगळं मुकाट. ती ओकच्या बुंध्याशी गुडघ्यावर बसली, पालथा हात टेकवत सरकली. गार. गार. गार. मग एका घुशीच्या बिळाशी, जिथून ओकचं मूळ जमिनीत शिरत होतं, तिथे तिने हात टेकवला आणि झटक्याने मागे घेतला.

फावड्याने उकरलं तर मूळ आतून लाल होतं. पोकळ, श्वास घेत असलेलं. ते झाडाखालून पलीकडे, न कापलेल्या गवताकडे गेलं होतं. कुठवर, ते वरून कळायला मार्ग नव्हता.

तोवर वर्नाही येऊन पोचली, आणि दोघींनी वरच्या घरातून पाणी वाहिलं. डबे रिकामे झाले, पातेली झाली, शेवटी ओपलचा पिवळा टब. प्रत्येक वेळी जमीन फुसकारायची, वाफ यायची, आणि थोड्या वेळाने मार्नीचा हात पुन्हा मागे यायचा. फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती. विजेबरोबर फोनचा मनोराही बंद पडला होता. त्याच वेळी झाडांच्या शेंड्यांमधून एक लांब सुस्कारा गेला. पानं हलली, थांबली. दाराचं कडं भिंतीवर एकदा आपटल्याचा आवाज इथवर आला.

"जा," वर्ना म्हणाली. "बंबाच्या ठाण्यावर जा. सांग त्यांना, वर्ना टोलिव्हरने दुपारी गवत कापलं. काही लपवू नकोस."

"तुम्हीही चला."

"आणि इथे कोण बसेल? पहिली ठिणगी उडाली तर तिच्यावर माती टाकायला कुणी नको? मला गाडी चालवता येत नाही, तुला पोर टाकता येत नाही. हिशेब सोपा आहे, पोरी."

"वारा जोरात सुटला तर?"

"तर या काळ्यावर येऊन उभी राहीन. जळलेलं परत जळत नाही. एवढं व्हर्जिलने शिकवलंय."

मार्नीने उरलेली अर्धी बादली तिच्याजवळ ठेवली, शाल भिजवून तिच्या खांद्यावर टाकली. वर्नाने हात पुढे केला, ओपलच्या गालाला लावला, आणि लगेच स्वतःच काढून घेतला. "गरम आहे का गं ती? मला नाही कळत."

"नाही. ठीक आहे ती."

गाडी काढताना मार्नीने दारावरचं कडं ओरबाडून गाडीत फेकलं. वळणावर आरशात तिला वर्ना दिसली. राखेत मांडी घालून, फावडं आडवं मांडीवर घेऊन, झोपलेल्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

कोल्टरच्या ठाण्यावर रॉयस होता, व्हर्जिलच्या हाताखाली तयार झालेला. मार्नीने सगळं सांगितलं. यंत्र, दुपार, न केलेला फोन, हात. तो ऐकता ऐकताच बूट चढवत होता. बंब ठाण्याबाहेर पडला तेव्हा त्याने खिडकीतून एवढंच विचारलं, "कोणत्या अंगाचा ओक?"

"खालचा. त्या तिथेच आहेत."

तिला परत जाऊ दिलं नाही. ती ठाण्याच्या दारात ओपलला कडेवर घेऊन धारेकडे बघत उभी राहिली. सूर्य बुडत होता आणि सगळी धारच लाल दिसत होती. त्यातलं उन्हाचं लाल कोणतं आणि आगीचं कोणतं, ते ओळखता येत नव्हतं. खांबावरचा झेंडा आधी सैल होता, मग हलला, मग ताठ झाला.

आत बिनतारी यंत्र खरखरलं. रॉयसचा आवाज तुटक येत होता. "सापडलं... मूळ वीस फूट गेलंय, गवताच्या काठापर्यंत... खोदतोय." मग बराच वेळ नुसता वारा. मग पुन्हा: "म्हातारी उठायला तयार नाही. आम्ही गार झालं म्हणालो तर म्हणते, तुमचे तळवे निबर आहेत. सुनेने हात लावून बघितल्याशिवाय गार म्हणायचं नाही. सुनेला वर पाठवता का?"

"येते म्हणावं," मार्नी म्हणाली. तिने ओपलला ठाण्यातल्या बाईच्या हातात दिलं. पोरीने तिची बाही घट्ट धरून ठेवली होती, एकेक बोट सोडवावं लागलं.

बाहेर पाचोळा रस्त्यावरून एकाच दिशेने पळत होता. मार्नीने जाता जाता उघडा उजवा हात पोटाशी धरला, रात्रीच्या वाऱ्याने सुन्न होऊ नये म्हणून.