पांढरी फुली

बाईंनी खिडकीतला पोछा उचलला, तर तो ओला.

सकाळी हॉल उघडताना पोछा कोरडा ठणठणीत असायला हवा, कारण आदल्या संध्याकाळी तो खिडकीत वाळत घालून बाईच कुलूप लावतात. ह्या नाचाच्या कंपनीचा तसा नियमच होता. कार्यक्रमातली शेवटची उडी जी मारते, तिने रोज सकाळी जमीन स्वतः पुसायची. पाय अनवाणी, जमीन काळ्या रबराची. कुठे खडा आलाय, कुठे घाम वाळून बुळबुळीत झालंय, हे जिला उडायचंय तिच्याच हाताला कळलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. नियम त्यांनी केला आणि कंपनी सुरू झाल्यापासून शेवटची उडी त्यांचीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा हात पोछ्याला लागायचा प्रश्नच आला नव्हता.

त्यांनी पोछा नाकाशी नेला. साबणाचा वास येत होता. म्हणजे कुणीतरी बसून मुद्दाम काहीतरी घासलं होतं. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि बाईंच्या मनातली पाल एकदा चुकचुकली की लवकर गप्प बसत नसे.

त्या हॉलच्या मधोमध गेल्या. तिथे पांढऱ्या चिकटपट्टीची एक फुली होती. शेवटच्या नाचात सगळा अंधार होतो, बाई मागच्या कोपऱ्यातून धावत येतात, अंधारातच उडी घेतात आणि पाय टेकतो त्याच क्षणी वरचा एकच दिवा लागतो. लोक श्वास रोखून बसतात ते एवढ्यासाठी. तिकीट काढून येतातही एवढ्यासाठीच, असं बाईंना वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. उतरायची जागा चुकू नये म्हणून ती फुली. ती बाईंनी स्वतः लावली होती, गेल्या हिवाळ्यात. आणि आत्ता ती पांढरीशुभ्र होती, कडेला मळ नाही, एकही कोपरा उचकटलेला नाही. जणू आजच बाजारातून आणलीय.

शिवाय ती जोडावर नव्हती. रबराच्या दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे पायाला बारीकशी रेघ लागते. फुली त्या रेघेवर होती, असं बाईंना पक्कं आठवत होतं. आता ती रेघेच्या अलीकडे होती, उडी सुरू होते त्या कोपऱ्याच्या बाजूला. चांगली वीतभर.

"बाई, आज लवकर?"

दारात चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे कंपनीतली दुसरी शिक्षिका. लहानपणी ती वर्ग सुरू व्हायच्या आधी खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसायची, तेव्हा बाईंनीच हे नाव ठेवलं होतं. आता तिशी उलटली, तरी नाव काही सुटलं नाही. मधली काही वर्षं ती एका मोठ्या कंपनीत नाचून आली होती. परत आली तेव्हा बाईंनी तिला पोटाशी धरलं होतं. तेव्हापासून पोरं मात्र शंका विचारायला आधी चिमणीकडे जात, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"हा पोछा कुणी भिजवला?"

"मीच. काल पाणी सांडलं होतं," चिमणी म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर तयार.

"साबणाचं पाणी?"

चिमणी केस बांधायला लागली. तोंडात धरलेल्या पिनेमुळे तिला बोलता येईना, किंवा बोलता येऊ नये म्हणूनच तिने पीन तोंडात धरली असेल. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. संशय आला की माणसाने आधी डोळे उघडे ठेवावेत आणि तोंड बंद, एवढं त्यांना कळत होतं.

डोळे उघडे ठेवल्यावर बरंच दिसलं. तालमीत बाईंची उडी आली की चिमणी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायांकडे बघते. शिडीवर चढून दिवे लावणारा बाईंचा नवरा, ज्याला सगळी पोरं काका म्हणतात, तो आणि चिमणी कोपऱ्यात कुजबुजतात, आणि बाई जवळ गेल्या की दोघंही मूग गिळून गप्प. एकदा तर काकांनी उगाचच "आज फार उकडतंय" म्हटलं, आणि चिमणीने स्वेटर घातला होता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. बाईंनी रात्रभर कूस बदलत हिशेब जुळवला. फुली सरकवायची, म्हणजे म्हातारी चुकीच्या जागी उतरणार, दिवा एकीकडे आणि ती एकीकडे. लोक म्हणणार, बाईंचं आता राहिलं नाही. मग साळसूदपणे कोण पुढे होणार? जिला त्यांनी पाय सरळ कसा ठेवायचा इथपासून शिकवलं, ती. आता हे खरं की गेल्या कितीतरी महिन्यांत बाई एकदाही दिव्याबाहेर उतरल्या नव्हत्या. पण त्याचंही उत्तर बाईंकडे होतं. आपली नजरच तशी आहे, कुणी कितीही सरकवलं तरी आपलं अंग बरोबर जागा शोधतं. हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा तपासलं नाही.

आणि उडी गेली तर? हा विचार मात्र त्यांनी अंधारातसुद्धा पुरता केला नाही. मूल नव्हतं, त्याचं दुःख कधीच मागे पडलं होतं. कारण जवळ ती उडी होती. ती गेली तर सकाळी उठून हॉलवर जायचं कशाला, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालीम संपत आली तेव्हा बाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "चिमणे, शेवटची उडी मारून दाखव बघू."

पोरांमधला सगळ्यात उंच, ज्याला लांब्या म्हणत, तो पाणी पिता पिता थांबला.

"मी?"

"का, येत नाही? रोज तर डोळे लावून बघतेस."

चिमणी कोपऱ्यात गेली. काकांनी दिवे घालवले. धावण्याचा आवाज, मग काहीच नाही, मग पाय टेकला आणि दिवा लागला. चिमणी बरोबर फुलीवर उभी होती. चेहऱ्यावर घाम नाही, श्वास फुललेला नाही.

"बस? एवढंच?" बाई म्हणाल्या. "मोठ्या कंपनीत हेच शिकवलं?"

"बाई, ती तर..." लांब्याने तोंड उघडलं. चिमणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने बाटली परत तोंडाला लावली. म्हणजे पोरंही सामील. बाईंच्या जिवाचा तिळपापड झाला, तरी आत कुठेतरी गारही वाटलं. चिमणीची उडी त्यांच्या उडीहून तसूभरही लांब पडली नव्हती.

घरी नवरा त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होता. तो हे रोजच करी, न सांगता, टीव्हीकडे बघत.

"फुली जोडावर होती ना रे?" बाईंनी विचारलं.

त्याचा हात थांबला. मग परत फिरायला लागला.

"जोडावर? छे. अलीकडेच होती की. पहिल्यापासून."

आणि त्याने तेलकट बोटांनीच कानाची पाळी खाजवली. लग्नाआधी, दुसरं स्थळ पाहिलंच नाही असं सांगतानाही त्याने हेच केलं होतं. बाईंनी पाय ओढून घेतला.

"पुरे. झोप आता."

घरचाच भेदी. त्याच्याकडे पाठ करून झोपताना बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

पण रागाने पुरावा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी किल्लीच्या टोकाने रबरावर फुलीच्या चारही टोकांशी बारीक ओरखडे काढले. वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाहीत असे. मग पोछा पिळून खिडकीत घातला, कुलूप लावलं, आणि घरी जाऊन नवऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

दुसरा दिवस सुट्टीचा. त्याच्या पुढच्या दिवशी त्या कुणाच्याही आधी पोचल्या. पोछा कोरडा होता. ओरखडे जागच्या जागी होते. फुली मात्र त्यांच्या चार बोटं अलीकडे होती.

सापडलात, बाई मनात म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या किल्लीने आलात आणि पोछा वाळवायलाही विसरला नाहीत. त्यांनी पुराव्याला आणखी बळकटी आणायची म्हणून दिव्याचं बटण दाबलं. फुली आता उजेडाच्या काठावर दिसणार होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग काका आणि चिमणी दोघांनाही उभं करून विचारायचं होतं.

दिवा लागला. फुली उजेडाच्या अगदी मधोमध होती.

बाईंनी मान वर केली. दिवाही वळवलेला होता. ज्याला तुम्हाला अंधारात पाडायचंय, तो शिडी लावून दिवा कशाला वळवील?

त्या गुडघ्यावर बसल्या. खिडकीतून सकाळचं ऊन आडवं आलं होतं आणि त्या उन्हात रबरावर घासून घासून चकाकलेल्या जागा दिसत होत्या. फुलीपासून पुढे एक, तिच्या पुढे आणखी एक, मग आणखी, अशी रांग जोडापर्यंत गेली होती. शेवटची थेट जोडावर. कुणीतरी प्रत्येक वेळी जुन्या पट्टीचा चिकटा साबणाने काढला होता, बाईंच्या पायाला लागू नये म्हणून.

बाई उठल्या. मागच्या कोपऱ्यात गेल्या. ऊन होतं, दिवा होता, सगळं लख्ख दिसत होतं. जोडावर नजर ठेवून त्या धावल्या आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून त्यांनी उडी घेतली.

उतरल्यावर त्यांनी खाली पाहिलं. जोड लांबच राहिला होता. जुने ओरखडेही पुढे होते. पायाचा अंगठा टेकला होता तो आजच्या, अलीकडे आणलेल्या फुलीवर.

त्यांनी परत उडी मारली. मग परत. तिसऱ्या वेळी फुलीसुद्धा हुकली.

त्या तिथेच खाली बसल्या. त्या दिवशीची चिमणीची उडी त्यांना आठवली. घाम नाही, दम नाही. अंग चोरून मारलेली उडी ओळखता येत नाही, असं त्यांच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. लहान असताना चिमणीने एकदा अंग चोरलं तर बाईंनी तिच्याशी दिवसभर बोलणं बंद केलं होतं. ह्या वेळी त्यांनी ओळखलं नाही, कारण ओळखायचं नव्हतं. कधीपासून चाललं होतं हे? आणि पोरांना, सगळ्यांना, ठाऊक होतं? लाजेने त्यांचे कान तापले. आणि लाजेच्या जोडीला दुसरंही काहीतरी आलं. त्यांनी एका चकाकत्या जागेवरून बोट फिरवलं.

दार वाजलं. चिमणी आत आली, मनगटात चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं. तिच्यामागे शिडी घेऊन काका. दोघंही दारातच थबकले. काकांचा हात कानाकडे गेला.

"नको खाजवूस," बाई म्हणाल्या. "मी काही विचारत नाहीये."

बाईंनी हात पुढे केला. चिमणीने रीळ काढून दिलं. बाईंनी फुली उचकटली, तिचा बोळा केला, मग जोडावर जाऊन नवी पट्टी फाडली आणि एक फुली लावली. टोकं अंगठ्याने घट्ट दाबली.

"दिवा इथे आण."

"अगं, तिथे..." काका म्हणाले.

"मला कळतं कुठे आहे ते. पहिल्यापासून तिथेच होती."

काकांनी शिडी लावली. वर गेल्यावर त्यांना दिव्याचा स्क्रू जरा वेळ सापडेना.

"आणि तू," बाई चिमणीला म्हणाल्या, "कोपऱ्यात जा. त्या दिवशीसारखी नको."

"बाई, मी फक्त..."

"जा म्हटलं ना."

पडदे ओढले, दिवे घालवले. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. धावण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. हे काहीच नसणं फार लांबलं. बाईंनी आजवर ते आतून अनुभवलं होतं, बाहेरून कधीच नाही. मग पाय टेकला, दिवा लागला, आणि चिमणी जोडावर उभी होती, छाती धपापत, गालावर पाणी. ते घामाचं होतं की नव्हतं, हे बाईंनी बघितलं नाही.

"डावा खांदा वर येतोय," त्या म्हणाल्या. "बघू नंतर."

पोरं आली. लांब्याने नवी फुली पाहिली, मग काकांकडे पाहिलं, मग चिमणीकडे. सगळे नुसते बॅगा धरून कडेला उभे राहिले. जमीन पुसल्याशिवाय कुणी तिच्यावर पाय ठेवत नसे.

बाई खिडकीपाशी गेल्या आणि पोछा घेऊन आल्या. चिमणीपुढे धरला. ती घेईना, तेव्हा तिच्या हातात कोंबला.

"कोरडा आहे. आधी भिजवून आण. आणि कोपऱ्यापासून सुरू कर, मधलं सगळेच पुसतात."

चिमणी पोछा भिजवून आली आणि कोपऱ्यात वाकली. बाई पोरांच्या बॅगांशेजारी कट्ट्यावर बसल्या. काका येऊन जवळ बसले, तेव्हा जागा द्यायला त्या थोड्या सरकल्या. बाईंचे डोळे पोछ्यावर होते. कोपरा सुटतोय का, ते त्या बघत होत्या.