माझ्याकडे तर चालतंय

रक्त तपासायच्या लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, आणि कॉम्प्युटरला शिंक आली तरी ताईलाच हाक मारत. आज मात्र तिला चारला निघायचंच होतं. पाचच्या गाडीने आई दादाकडे चालली होती, बहुतेक कायमची. ताईला तिला थांबवायचं होतं, निदान का जातेस एवढं तरी काढून घ्यायचं होतं. सकाळी चपला घालता घालता विचारलं, तर आई म्हणाली, "काही नाही गं, माझं सगळं ठीक आहे," आणि तिने बॅगेची चेन ओढली.

पण इथे तीन आठवडे एक बटण रुसून बसलं होतं. काउंटरवरच्या बाई वेबपेजवर 'रिपोर्ट छापा' दाबत. मग सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमने, प्रिंटरला हुकूम सोडायचा, असा सगळा बेत. सर्व्हर नवा आला आणि बेत फिसकटला. पेजवर ऐटीत 'छापलं' उमटायचं आणि प्रिंटर आपला ढिम्म. मग ताई स्वतःच्या खुर्चीत बसून तोच हुकूम हाताने टाइप करायची आणि कागद सुळकन बाहेर यायचा. असे दिवसाला साठ-सत्तर. मानेचा पार खुळखुळा झाला होता.

"ताई, तुमचं बटण परत थापा मारतंय!" काउंटरवरून आवाज आला. त्या बाईंना सगळे तोफ म्हणत, उगाच नाही.

"माझ्याकडे तर चालतंय हो."

"तुमच्याकडे चालेल नाहीतर काय! रिपोर्ट मला हवाय. मी काय तुमच्या मांडीवर येऊन बसू?"

रांगेतले दोघे हसले. ताईही हसली असती, पण तेवढंही त्राण नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली. तीन आठवडे ती स्वतःच्याच नावाने तपासत होती, आणि तिच्या नावाला त्या सर्व्हरवर सगळी दारं उघडी. बटण दाबल्यावरचा हुकूम तिच्या नावाने सुटतच नव्हता. तो वेब सर्व्हरच्या स्वतःच्या खात्यातून सुटायचा, आणि त्या बापड्या खात्याला कुणी विचारलंय? तिने त्या खात्यातून तोच हुकूम सोडून पाहिला. क्षणात उत्तर आलं, प्रिंटर वापरायची परवानगी नाही.

एवढं साधं! मग हे पेजवर का दिसलं नाही? तिने स्क्रिप्ट उघडली. हुकुमाच्या शेवटी तिचीच चार वर्षांपूर्वीची करामत होती. हुकूम फसला की सर्व्हर ज्या तक्रारी करतो, त्यांची कटकट नको म्हणून तिने त्या सगळ्या परस्पर कचऱ्यात धाडल्या होत्या, आणि खाली, काहीही घडो, 'छापलं' लिहून ठेवलं होतं. तिला स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटली.

तिने त्या खात्याला परवानगी दिली, तक्रारींची वाट मोकळी केली. बटणाला मात्र स्वतः हात लावला नाही.

"तोफबाई, तुम्ही दाबा."

प्रिंटर घरघरला. चारला पाच कमी होते.

घरी आई पायाशी बॅग घेऊन बसली होती. दार नुसतंच लोटलेलं. 'कडी लावत जा म्हणून कितीदा सांगायचं' हे ताईच्या अगदी ओठांवर आलं. महिन्यापूर्वी आई म्हणाली होती, कडी लागत नाही गं. ताईने उठून एका झटक्यात लावून दाखवली होती. "लागते की!"

ताईने कडीकडे गेलेला हात मागे घेतला.

"आई, तू लाव बघू कडी."

"आता कशाला? गाडी चुकेल."

"लाव ना."

आई उठली. सुजलेल्या बोटांनी तिने कडी धरली, दोन्ही हातांनी ओढली. ती अर्ध्यावर येऊन अडली. मग तिने दाराला खांदा लावला. तरी नाही.

"दिवसभर अशीच दाराकडे बघत बसते," आई कडीकडेच बघत म्हणाली. "डोळा लावायची भीती वाटते. तुझ्या हाताने लागते, म्हणून म्हटलं माझंच काहीतरी चुकत असेल."

ताईला रडू आवरेना. तिने तशीच खुर्ची ओढली आणि आईसमोर बसली.

"आणखी काय काय जमत नाही तुला?"

आईने घड्याळाकडे पाहिलं. ताई हलली नाही.

"गॅसचं बटण," आई म्हणाली. "दुपारी गारच जेवते मी."