दुसरा बाप्तिस्मा

आमच्या घरात गेलं वर्षभर देवावरून भांडणं चालली होती. लोकांच्या घरी बापलेकांचं लग्नावरून वाजतं, नाही तर गाडीच्या चावीवरून. आमच्याकडे वाजायचं ते स्वर्गातला पिता आणि त्याचा पुत्र एकच व्यक्ती की दोन, यावरून. ताटातला भात निवून जायचा आणि निकाल काही लागायचा नाही. मग मी भात परत गरम करायची, कारण या दोघांना देव कळत असला तरी गॅस कसा पेटवतात ते आठवत नसे.

आम्ही मूळचे खानापूरकडचे मराठी ख्रिस्ती. माझा नवरा येसाजी कारखान्यातल्या नोकरीसाठी बेंगळुरूला आला आणि आम्ही इथलेच झालो. जयनगरात एका कन्नड चर्चचा हॉल रविवारी दुपारी मागून घेऊन येसाजींनी आपल्या भागातल्या लोकांची लहानशी मराठी मंडळी उभी केली. आमच्यात पगारी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. मंडळीतली जुनी, जबाबदार माणसंच उपदेश करतात, प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीची, भाकर मोडतात आणि बाप्तिस्माही देतात. त्यांत येसाजी सगळ्यांत कडक. गाण्यात एखादा शब्द कुणी इकडचा तिकडे केला तरी ते मध्येच थांबवतात.

वर्धन आमचा एकुलता एक. कागदावर यशोवर्धन, पण एवढं लांब नाव मी सुद्धा रागावल्यावरच घेते. त्याचं ऑफिस सर्जापूर रोडला. ऑफिसजवळच पास्टर नागराज यांची मंडळी भरते, तिथं तो आधी मित्राबरोबर जाऊ लागला, मग मित्र सुटला आणि हाच टिकला. त्या मंडळीची शिकवण अशी, की देव एक आहे आणि व्यक्तीही एकच आहे. जो पिता तोच पुत्र होऊन आला, आणि तोच आत्मा म्हणून माणसात राहतो. म्हणून बाप्तिस्मा द्यायचा तो फक्त येशूच्या नावानं. आमच्यासारखे, ज्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नावं घेऊन पाण्यात बुडवलं, त्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही, तो परत घ्यायचा.

"पुत्र बाप्तिस्म्यासाठी नदीत उभा होता आणि वरून आवाज आला, हा माझा लाडका पुत्र," येसाजी म्हणायचे. "तो कुणाचा? स्वतःच स्वतःला शाबासकी देत होता?"

"देवाला एका वेळी दोन ठिकाणी असता येत नाही का, पप्पा?"

"येतं. मग क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळून प्रार्थना केली ती कुणाला? आरशाला?"

"माणूस होऊन आला होता, म्हणून माणसासारखी प्रार्थना केली. तुम्ही तोंडानं एक देव म्हणता आणि बोटांवर तीन मोजता."

"मी मोजत नाही. जग नव्हतं तेव्हाही देव प्रेमच होता, हे मानतोस ना? मग तेव्हा तो कुणावर प्रेम करत होता? प्रेम करायला दुसरा लागतो, वर्धन."

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं, जो बोलत असेल त्याचं. एकदा मी म्हटलं, की मी एकटी बाई आई, बायको आणि नर्सरीतली मिस अशी तिन्ही कामं करते, तर देवाला काय अवघड आहे. वर्धन खूश झाला. येसाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी धर्मशास्त्रातून निवृत्ती घेतली.

पण मग वर्धननं सांगितलं, की येत्या शनिवारी तो देवनहळ्ळीला, त्या मंडळीतल्या एकाच्या शेतावर, परत बाप्तिस्मा घेणार आहे. येसाजींनी हातातला घास खाली ठेवला.

"तुला मी माझ्या हातांनी नदीत बाप्तिस्मा दिलाय," ते म्हणाले. "त्या पाण्यात उतरलास तर तो खोटा ठरवलास. मग माझ्या हातची भाकर तरी कशाला खातोस? नको येऊस परत."

ते प्रभुभोजनाबद्दल बोलत होते. पण आमच्या घरात भाकर बंद म्हणजे दार बंद, हे तिघांनाही कळलं.  वर्धन आपल्या खोलीत गेला आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. सर्जापूर रोडला एक फ्लॅट त्यानं बघून ठेवला होता, हेही मला त्याच दिवशी कळलं.

 एकुलता मुलगा, तो काही परदेशी चालला नव्हता, दारू पीत नव्हता, कुणा पोरीला फसवून आला नव्हता. तो देवासाठी घर सोडत होता आणि त्याचा बाप देवासाठी त्याला जाऊ देत होता. मला दोघांचाही संताप येत होता. देवाचाही थोडा येत होता, ते मी त्याला सांगूनही टाकलं.

आणि मग, कपडे वाळत घालताना, मला ती नदी आठवली.

आमच्यात तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देत नाहीत. समज आल्यावर, स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यावर, पूर्ण पाण्यात बुडवतात. वर्धन आठवीत होता. नाताळच्या सुट्टीत आम्ही खानापूरला गेलो होतो आणि मलप्रभेत त्याचा बाप्तिस्मा झाला. येसाजी त्याला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले, मी टॉवेल घेऊन काठावर. आणि येसाजींनी तीन नावं घेतलीच नाहीत. "येशूच्या नावानं," एवढंच ते ओरडले, अगदी घसा फाटेस्तोवर, आणि पाण्याखाली गेलेला वर्धन वर आला. लोकांनी गाणं सुरू केलं. मला वाटलं, स्वतःचा मुलगा, भरून आलं असेल, गडबडीत बाकीचं राहिलं असेल. तेव्हा कुणी त्यावर बोललं नाही. या वादाचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

म्हणजे वर्धनच्या नव्या मंडळीच्या हिशेबानं त्याचा बाप्तिस्मा आधीच बरोबर झाला होता. त्याला परत पाण्यात उतरायची गरजच नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी ओली चादर तशीच खांद्यावर घेऊन हसत उभी राहिले. येसाजींना मात्र काही सांगितलं नाही. तीन नावांसाठी मुलाला घराबाहेर काढायला निघालेल्या माणसाला, तुम्हीच ती विसरलात, हे सांगणं सोपं नव्हतं. वर्धनला सांगून चाललं नसतं, तो म्हणाला असता, आई, हे तू मला थांबवायला म्हणतेस. सांगायचं तर त्याच्या पास्टरसमोर.

शनिवारी सकाळी वर्धन मित्रांच्या गाडीतून पुढं गेला. मी येसाजींना म्हटलं, "मला एवढ्या लांब एकटीला जमणार नाही. तुम्ही फाटकापाशी सोडा, आत येऊ नका."

ते आले, हेच नवल. हेब्बाळचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी खिडकीची काच कितीदा वर केली आणि किती वेळा खाली, त्याला गणती नाही. हॉर्न वाजवत होते, समोर कुणी नसतानाही. एकदा गाडी बाजूला घेऊन उतरले, टायर बघितले, परत बसले. टायरांना काही झालं नव्हतं.

देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या पुढं शेत असं राहिलेलंच नाही, सगळीकडे प्लॉटचे पांढरे दगड. त्यातून एक द्राक्षाचा मळा शिल्लक होता आणि मळ्याला पाणी द्यायचा मोठा सिमेंटचा हौद. येसाजींनी गाडी फाटकाबाहेर लावली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. मी आत गेले.

हौदाशेजारी वीसेक माणसं गात होती. वर्धन पांढऱ्या कपड्यांत उभा होता, अगदी आठवीतल्यासारखा ओठ दाबून. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि मला लाज वाटली, कारण मी त्याला आशीर्वाद द्यायला आले नव्हते. मी सरळ पास्टर नागराज यांच्याकडे गेले आणि कन्नडमध्ये सगळं सांगून टाकलं. नदी, येशूचं नाव, बाकीची दोन नावं राहिली ते. वर्धन जवळ येऊन ऐकत होता.

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आधी कोण विचारत होतं? तुमचं दोघांचं बोलणं संपत नव्हतं, त्यात मी कुठं घुसू?"

नागराज विचार करणारा माणूस निघाला. त्यांनी मला उडवून लावलं नाही. म्हणाले, "अक्का, असं असेल तर मी याला पाण्यात घालणार नाही. झालेला बाप्तिस्मा परत देणं हेही पापच. पण आईच्या एकटीच्या शब्दावर कसं ठरवू? ज्यानं दिला त्याला सांगू दे. जरा बोलावता का त्यांना?"

मी फाटकाकडे गेले. येसाजींनी काच खाली केली. मी त्यांना सांगितलं, जसं होतं तसं. मला वाटलं होतं, ते चिडतील, नाही म्हणतील, तू ऐकलं नाहीस म्हणतील. ते म्हणाले, "तुला आठवतंय ते?"

"सगळं आठवतंय. या आणि एवढंच सांगा. हो म्हणा, बस. मुलगा घरी येईल."

"हो म्हटलं तर माझ्या शिकवणीप्रमाणं त्याचा बाप्तिस्मा झालाच नाही, हे कळतंय का तुला?"

"कळतंय. पण तुम्हाला मुलगा पाहिजे की शिकवण?"

 ते गाडीतून उतरले, दार उघडंच टाकलं आणि माझ्या पुढं चालू लागले.

हौदापाशी गाणं थांबलं. नागराज यांनी हात जोडले. येसाजींनी जोडले नाहीत, पण मान हलवली.

"ही सांगते ते खरं आहे," ते वर्धनला म्हणाले, मराठीत. "मी येशूचं नाव घेतलं. दुसरं कुठलं घेतलं नाही."

मी सुटले, असं मला वाटलं. वर्धननं नागराज यांना कन्नडमध्ये सांगितलं. नागराज "सरी, सरी", बरोबर, म्हणत मान डोलावू लागले. पण येसाजींचं संपलं नव्हतं.

"थांब. पूर्ण ऐक. तो बाप्तिस्मा नव्हता. मी अजून प्रार्थनाच करत होतो. दगडावर शेवाळ होतं, तुझा पाय घसरला आणि तू माझ्या हातातून सुटलास. खाली धार होती. तू मला दिसेनासा झालास. मी घाबरून तेच ओरडलो. आणि तुझा शर्ट हाताला लागला."

 नागराज यांना मराठी कळत नव्हती, तरी ते हलले नाहीत.

"तुला वर काढलं तर लोक गायला लागलेले. तुझी आई टॉवेल घेऊन हसत होती. सगळ्यांना वाटलं, झालं. मला तुला परत त्या पाण्यात घालायची छाती झाली नाही. मग उद्या सांगू, पुढच्या सुट्टीला सांगू, असं करत राहिलो."

"मला वाटत होतं, तुम्हीच मला बुडवलंत. मग वर्षभर माझ्याशी भांडलात ते?"

"ते खरं आहे. पिता आणि पुत्र दोन आहेत, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण माझ्या हातचा बाप्तिस्मा म्हणत होतो, ते खोटं. तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही, वर्धन. यांच्याही हिशेबानं नाही आणि माझ्याही नाही."

माझी सगळी हुशारी त्यांनी एका दमात मातीत घातली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं या माणसाशेजारी झोपले, आणि नदीचा विषय निघाला की हे उठून का जातात, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

वर्धन एक पाऊल पुढं आला. "ओरडलात ते कुणाला, पप्पा? पित्याला की पुत्राला?"

"त्या वेळी कोण बघतो," येसाजी म्हणाले.

वर्धननं डोळे पुसले. मग तो नागराज यांच्याशी हळू काहीतरी बोलला आणि हौदाच्या पायऱ्यांकडे वळला. तो पाण्यात उतरणार होता, आणि आता त्याला अडवायला कुणाकडेच काही उरलं नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. मला वाटलं, येसाजी आता मागं फिरतील आणि गाडीत जाऊन बसतील.

त्यांनी नागराज यांना कन्नडमध्ये विचारलं, "पाणी किती खोल आहे?"

"कमरेएवढं, अण्णा. काही भीती नाही."

"नदीतही कमरेएवढंच होतं," येसाजी म्हणाले. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि चपला घालूनच पाण्यात उतरले. नागराज काही बोलणार होते, मग त्यांनी थोडं सरकून जागा दिली.

बाप्तिस्मा नागराज यांनीच दिला, येशूच्या नावानं, त्यांच्या पद्धतीनं. मी येसाजींच्या ओठांकडे बघत होते. मला खात्री होती, हे मनातल्या मनात तरी तिन्ही नावं घेणार, एवढ्या हट्टी माणसाला राहवणार नाही. त्यांचे ओठ हललेच नाहीत. त्यांनी वर्धनचा दंड दोन्ही हातांनी धरला होता आणि वर्धन पाण्याखाली गेल्यापासून वर येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. वर आल्यावर लोक गाऊ लागले, नागराज यांनी आपला हात काढून घेतला. येसाजींनी सोडला नाही.