बाटलीबाईचं नाक

सुपरमार्केटच्या वाइनच्या रांगेत कुणी बाई फरशीवर गुडघे टेकून बसलेली दिसली, की तिथल्या पोरींना कळायचं, बाटलीबाई आल्या. हे नाव वाचकांनीच पाडलं होतं. एरवी ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. पण साप्ताहिकात तिचं 'खालचा कप्पा' नावाचं सदर यायचं आणि गावात तिला ओळख होती ती त्या सदराची. दुकानदार डोळ्यांसमोर मांडतो ती त्याला खपवायची असलेली बाटली, आपल्याला परवडणारी चांगली बाटली शोधायची तर वाकावं लागतं, असं तिने पहिल्याच लेखात लिहिलं होतं. तेव्हापासून ती वाकत आली होती आणि वाचक तिच्या मागोमाग वाकत आले होते.

त्या दिवशीही ती खालच्या कप्प्यासमोर बसली होती, पण नुसतीच. एक एक बाटली उचलायची, पाठीवरचं लेबल वाचायचं, परत ठेवायची. 'पिकलेल्या लाल फळांचा मोहक सुगंध.' दुसरीवर तेच. तिसरीवर फळं काळी होती, एवढाच फरक. ही लेबलं लिहिणारा माणूस एकच असावा आणि तो वाइन पीत नसावा, अशी तिला दाट शंका होती. पूर्वी ती लेबलाकडे बघायचीसुद्धा नाही. चार बाटल्या उचलायची, घरी जाऊन बुचं काढायची आणि पहिल्या हुंगण्यातच दोन बाद करायची.

आता हुंगून उपयोग नव्हता. थंडीत सर्दी झाली, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. ती रोज सकाळी व्हिनेगर, साबण, लवंग आणि कॉफी अशा चार बाटल्या नाकाशी धरायची. चारही बाटल्यांतून हवा यायची.

वाइनमध्ये जिभेला कळतं ते फारच थोडं. आंबट, गोड, कडू, हिरड्या आवळणारा तुरटपणा आणि घशाखाली उतरणारी ऊब. बाकी चेरी म्हणा, ओली माती म्हणा, पेन्सिलीचा भुगा म्हणा, सगळा कारभार नाकाचा. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आवडती वाइन तोंडात घेतल्यावर गार, आंबट, गुळमट पाणी लागणं वेगळं.

वास गेल्याचं तिच्या नवऱ्याला माहीत होतं. साप्ताहिकाच्या संपादकांना नव्हतं. मागचा लेख तिने आठवणीवर काढला होता. गेल्या साली प्यायलेली एक स्वस्त, फारच छान वाइन तिने पुन्हा नावाजली आणि दुकानात त्याच नावाची पण नव्या सालच्या द्राक्षांची बाटली आलीय, हे बघायचं राहून गेलं. नव्या सालाची वाइन म्हणजे नुसता रंग. अशी चूक तिने दुसऱ्या कुणाची पाहिली असती तर त्यावर अख्खा लेख लिहिला असता. नणंदेचा लगेच फोन आला होता.

"वहिनी, तुझं वाचून सहा आणल्या गं. ऑफिसची माणसं जेवायला होती. साहेब म्हणाले, यात बर्फ विरघळलाय का?"

"नवं साल असेल ते."

"ते तू लिहायचंस ना. मी काय बाटलीची जन्मपत्रिका बघत बसू?"

नणंद बोलली ते एकूण एक खरं होतं.

आणि आता सुट्ट्यांचा विशेष अंक होता. संपादकांना चार बाटल्या हव्या होत्या, सोमवारी. "यावेळी जरा झणझणीत होऊ द्या, मॅडम," ते म्हणाले होते. "मागच्याला तक्रारी आल्या. पुढच्या वर्षी ही जागा ठेवायची की जाहिरातीला द्यायची, ते या लेखावर ठरवू." 'जागा' म्हणजे तिचं सदर. प्रयोगशाळेत तिच्या सहीचे कागद रोज निघत, पण ते कुणी वाचत नसे. सदर वाचून माणसं तिला रस्त्यात थांबवत.

शेवटी तिने आठ बाटल्या ट्रॉलीत टाकल्या. सात खालच्या कप्प्यातल्या आणि तुलनेसाठी एक डोळ्यांसमोरची, सोनेरी अक्षरांची. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत त्याच्याकडे दोनच शब्द होते आणि त्यातला एक 'आहे' होता.

"कशी आहे?" तिने पहिला ग्लास पुढे करत विचारलं.

"बरी आहे."

"वास कसला येतो?"

त्याने मनापासून नाक खुपसलं. "वाइनचा."

"अरे, वाइनमध्ये कसला?"

"द्राक्षांचा असणार ना. द्राक्षांचीच करतात."

दुसरी बरी होती. तिसरीही बरी होती. चौथीला त्याने बायकोचा चेहरा बघितला आणि "फार बरी आहे," अशी भर घातली.

"मला खूश करायला सांगू नकोस."

"मग काय सांगू? तू चेरी म्हणालीस की मला चेरी येते, माती म्हणालीस की माती येते. तू पेट्रोल म्हण, तेही येईल."

"इतकी वर्षं माझ्यासोबत पितोयस, काहीच कसं कळत नाही तुला?"

"तुला कळत होतं ना. घरात एकाला कळलं की पुरतं."

तो सहज बोलला, पण तिला ते झोंबलं. तिने बुचं परत ठोकली, ग्लास विसळले आणि टेबल गरजेपेक्षा जास्त जोर लावून पुसलं. तो कपडे वाळत घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या मागच्या कपाटाची किल्ली घरी विसरून गेला. किल्ली द्यायला ती गेली तेव्हा तो आतल्या अंधाऱ्या खोलीत एका आजींचा नंबर तपासत होता. आजींच्या नाकावर भिंगं बदलून बघायची जड, गोल चौकट होती आणि आजी वैतागल्या होत्या.

"मला सगळं सारखंच दिसतं रे बाबा. काय सांगू तुला?"

"काहीच सांगू नका आजी. वाचूही नका." त्याने एक भिंग काढून दुसरं बसवलं. "हे बरं की ते?"

"ते."

"आता? हे की ते?"

"हे."

"बघा, कळतंय की तुम्हाला."

ती दाराशी उभी राहून बघत होती. भिंगं फिरत होती, आजी पटापट उत्तरं देत होत्या. 'कसं दिसतं' या प्रश्नावर अडलेली बाई 'हे की ते' म्हटल्यावर एकदाही अडली नाही. मध्येच त्याने मघाचीच दोन भिंगं उलट्या क्रमाने लावली. यावेळी आजी घुटमळल्या. त्याने चौकट उतरवली.

"आज डोळे थकलेत तुमचे. राहिलेलं उद्या बघू. घाई नाही."

आजी गेल्यावर तिने विचारलं, "तीच भिंगं परत का लावलीस?"

"खरं बोलताहेत की मला बरं वाटावं म्हणून बोलताहेत, ते कळायला. माणसं भिडेखातर फार बोलतात." तो भिंगं पुसून खोक्यात लावत होता. "का गं?"

"काल मी तुला चुकीचा प्रश्न विचारत होते," ती म्हणाली. "आणि तू ते ऐकून घेतलंस. दिवसभर इथे हेच करतोस आणि घरी येऊन तोंडातून एक शब्द नाही?"

"तू रागावली होतीस," तो म्हणाला. "रागावलेल्या गिऱ्हाइकाला मी शिकवत नाही."

संध्याकाळी तिने आपल्याला ओळखता यावेत म्हणून ग्लासांच्या तळाखाली वेगवेगळ्या रंगांचे ठिपके लावले. बाटल्या ओट्यामागे, त्याला दिसणार नाहीत अशा. मग दोन ग्लास पुढे ठेवले.

"ही बरी की ती?"

"ती," तो लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की दोघंही चपापली.

"आता?"

"ही. आधीची नुसती आंबट."

प्रत्येक जोडी तिने जागा बदलून पुन्हा दिली. मध्ये पावाचा तुकडा, पाणी, थोडी विश्रांती. काल ज्याला आठांतली एक निवडता येत नव्हती, तो आज एकेक करून भराभर बाद करत गेला आणि क्रम बदलला तरी उत्तर बदललं नाही. शेवटी दोन उरल्या. एक सोनेरी अक्षरांची. दुसरी अगदी तळातली, लेबलावर बेडकाचं ओबडधोबड चित्र असलेली. चित्र इतकं वाईट होतं, की कुणी कौतुकाने विकत घ्यावी अशी शक्यताच नव्हती.

"ही की ती?"

"ही." ती सोनेरी होती. तिला ते अजिबात आवडलं नाही.

जागा बदलली. "आता?"

"ही." यावेळी बेडूक होता.

तिसऱ्यांदा त्याने दोन्ही ग्लास खाली ठेवले. "इथे मला कळत नाही. खरंच सांगतो."

कळत नाही, हेच तर उत्तर होतं. ज्याला फरक कळत नाही त्याने फरकाचे पैसे का द्यावेत? लेखाचं शेवटचं वाक्य तिथल्या तिथे तयार झालं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण नवरा बेडकाचा ग्लास परत नाकाशी नेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तिने आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं.

"अगं, आपल्या आधीच्या घरी ते लाकडी कपाट होतं ना," तो सावकाश म्हणाला. "उन्हाळ्यात उघडलं की कसा वास यायचा. तसं आहे यात. आणि मग मागून काहीतरी गोड. तुला आठवतं?"

तिला आठवत होतं. कपाट आठवत होतं, त्याचं करकरणारं दार आठवत होतं, आतल्या शाली आठवत होत्या. वास तेवढा आठवत नव्हता. तिने ग्लास त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला, डोळे मिटून नाक आत घातलं आणि श्वास घेतला. काचेचा गारवा नाकाला लागला. घोट घेतला. आंबट, तुरट, ऊब. बस.

"मजा तुझी आणि मजुरी माझी," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. इतकी वर्षं ती या माणसाच्या हातात ग्लास देऊन सांगत आली होती, बघ, बघ ना काय आहे यात. आणि आता त्याला दिसलं होतं तेव्हा ती दाराबाहेर उभी होती.

तो उठला नाही, की समजूत घालायला आला नाही. त्याने फक्त बेडकाच्या बाटलीला बूच लावलं.

"संपव ना," ती म्हणाली.

"राहू दे."

रविवारी ती लिहायला बसली. बेडकाच्या बाटलीबद्दल लिहिताना बोटांनी आपणहून टाइप केलं, 'उन्हाळ्यात जुनं लाकडी कपाट उघडावं तसा वास.' वाक्य सुरेख होतं. खरंही होतं. कुणाला कळलं नसतं, नवऱ्याने तर मुळीच हरकत घेतली नसती. ते वाक्य तिने बराच वेळ पडद्यावर राहू दिलं. मग नणंदेचे साहेब आठवले, बर्फ आठवला आणि हुंगता न येणारं आपलं नाक घेऊन पुढचं अख्खं वर्ष दुसऱ्याच्या कपाटातली वाक्यं चोरत बसायचं, हेही डोळ्यांपुढे आलं. तिने लेख पहिल्यापासून लिहायला घेतला. थंडीपासून मला वास येत नाही. मागची बाटली मी आठवणीवर सांगितली आणि साल बघितलं नाही, ज्यांनी आणली त्यांनी मला माफ करावं. यावेळी जीभ माझी आहे, नाक नवऱ्याचं. मग तिने जोड्या कशा लावल्या ते लिहिलं, घरी कुणालाही करता येईल असं. कपाटाचं वाक्य तिने ठेवलं, पण 'नवरा म्हणाला' असं लिहून.

सोमवारी सकाळीच संपादकांचा फोन आला.

"मॅडम, हे काय पाठवलंत? वाइनच्या सदरात नाक नाही म्हणून सांगायचं म्हणजे न्हाव्याने 'माझा हात थरथरतो' अशी पाटी लावण्यासारखं झालं."

"थरथरत असेल तर लावलेली बरी."

पलीकडून एक सुस्कारा. "बाटल्या तरी चांगल्या आहेत?"

"एका माणसाने तपासल्यात. पण नीट तपासल्यात. आणि यावेळी सालं बघितलीत."

"छापतो. पुढच्या वर्षाचं मात्र आज काही बोलत नाही."

"बोलू नका," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हातातला फडका तिने बेसिनमध्ये भिरकावला. इतकं खरं लिहूनही पदरात काय, तर 'बोलत नाही.'

नवरा दुकानात जायच्या तयारीत होता. "माझं नाव नाही ना घातलंस?"

"कुणाचंच नाही घातलं. का?"

"लोक म्हणतील, चष्मेवाला पिऊन नंबर काढतो."

तिला हसू आलं नाही, पण कपाळावरची आठी थोडी सैल झाली. तो बूट घालायचा थांबला. रोजच्या त्या वासाच्या चार बाटल्या अजून टेबलावर होत्या, आज फोनपायी राहिल्या होत्या. त्याने त्यातली लवंगेची उचलली, दुसऱ्या हातात रिकामी बरणी घेतली.

"डोळे मीट."

"उशीर होतोय तुला."

"होऊ दे. डोळे मीट." तिने मिटले. नाकाखाली काहीतरी आलं, गेलं, दुसरं आलं. "काय वास येतो ते विचारत नाही. हे की ते?"

तिने श्वास घेतला. पुन्हा घेतला. कुठेतरी कणभर काही असेल म्हणून आत आत शोधलं.

"सारखंच."

"आता?"

"सारखंच रे."

"ठीक," तो म्हणाला. झाकणाचा आटा फिरवल्याचा आवाज झाला. "नाक थकलंय. उद्या बघू. घाई नाही."

"हे तू गिऱ्हाइकांना म्हणतोस."

"हो," तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.