पाणी आलं, हे सांगायला

कल्पना मूळची हिंगोलीची. नवरा शेखर हिंजवडीत कंपनीत, मुलगी ज्ञानदा दुसरीत. हिंजवडीजवळच्या जांबे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. यंदा शेखरला रजा मिळाली नाही, दिवाळीला गावी जाणं राहिलं, आणि तो राग कल्पना घरातल्या भांड्यांवर काढत होती.

त्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं गावची पाइपलाइन फोडली. सणाच्या पहाटे तिघांच्या आंघोळी एका बादलीत उरकल्या. उटणं अंगाला तसंच चिकटून राहिलं. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओरड होती, की पाणी सोडणारा माणूस फोन उचलत नाही. आठ वाजता कल्पना चपला घालून निघाली. "आज त्यांना चांगलं सुनावते," ती शेखरला म्हणाली.

पाणी सोडणारे कोंडाजी तिला रस्त्याकडेच्या खड्ड्यात दिसले. साठीचा माणूस, कमरेपर्यंत चिखलात, दोन्ही हातांनी नवा पाइप धरून उभा. शेजारी प्लंबर जोड बसवत होता. काठावर ठेवलेला कोंडाजींचा फोन वाजतच होता.

"काका, कधीपासून आहात इथं?"

"पाच वाजल्यापास्नं."

"आणि आंघोळ?"

कोंडाजी हसले. "ही काय, चालूच हाय की! जावा ताई घरी. दुपारपत्तुर पानी येतंय. पयलं गडूळ येईल, त्ये भरू नका."

सुनावायचं राहूनच गेलं, कल्पना घरी परतली. पाणी अडीचला आलं. आधी लाल, मग नितळ. हंडा भरेपर्यंत ती नळापाशीच उभी राहिली. तीन वर्षं रोज सहाला नळ येत होता, आणि त्यासाठी कुणीतरी पाचला उठत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पाडव्याला फराळाचा डबा घेऊन ती ज्ञानदाबरोबर कोंडाजींच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं उघडलं आणि तिचा चेहराच पडला.

"न्हाई आलं का पानी? थांबा, बलावते त्यास्नी."

"आलंय की. तेच सांगायला आलो."

"काय सांगाया?"

"पाणी आलं म्हणून."

बाई दारातच थबकली. "बावीस वरसं झाली त्यास्नी ह्या कामाला. पानी न्हाई म्हनून लई जन आले. आलं म्हनून सांगाया तुमीच पयल्या." मग ती आत वळून ओरडली, "अवं, भाईर या! भांडाया न्हाई आलं कुनी!"

कोंडाजी आले. त्यांनी कोपऱ्यातली, पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी ज्ञानदाच्या हातात दिली आणि कुठल्या गल्लीला किती फेरे फिरवायची, ते दाखवलं. कुठलाच कागद नाही, सगळं तोंडपाठ. "तुमची गल्ली चढाला हाय, म्हनून तितं धा मिन्टं जास्त. खालच्या आळीला बाळंतीन हाय, तितंबी जरा जास्त सोडतुया."

ती दहा मिनिटं कल्पनाला आजवर माहीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं ग्रुपवर लिहिलं, "सहाला पाणी आलं. कोंडाजींचे आभार." खाली हसण्याची चित्रं पडली. तिनं लिहिणं सोडलं नाही. दिवाळी संपली, आकाशकंदील उतरले, तरी आठवड्यातून एकदा तिचा निरोप यायचाच. मग एक दिवस तळमजल्यावरच्या दुकानवाल्या फरहानभाईंनी जिना झाडणाऱ्या रेश्माताईंबद्दल दोन ओळी लिहिल्या. कल्पनाची सगळ्यात जास्त थट्टा करणाऱ्या शेखरनं कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरबद्दल लिहिलं. तक्रारी थांबल्या असं नाही, पण त्यांच्यातला शिव्यांचा सूर गेला.

एप्रिलमध्ये पाणी एक दिवसाआड झालं. नवं वेळापत्रक सांगायला कोंडाजी स्वतः गल्लीत आले, तेव्हा फरहानभाईंनी दुकानातली खुर्ची बाहेर आणून ठेवली. कोंडाजी जरा संकोचले. मग बसले, आणि कुणाला कुठल्या दिवशी पाणी, ते एकेकाला नीट समजावून सांगू लागले.