पुराच्या पोरांचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मला कुणाचं बोलणं पटकन खरं वाटत नाही. माझं लाकूडच तसलं. साग नाही की शिसव नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपात परदेशातून मशीन आलं होतं, ते ज्या खोक्यातून आलं त्याच्या फळ्यांचा मी झालो. माझ्या तळाला उघडी छत्री, वर जाणारे दोन बाण आणि फुटका पेला अजून छापलेला आहे. जिच्यावर जन्मापासून ‘जपून, जपून’ असंच छापलंय, ती फळी संशयी होणार नाही तर काय!

मला घडवलं दत्तोबा सुतारांनी, बावीस वर्षांपूर्वी, चाकणच्या पुढे नदीकाठी असलेल्या आमच्या गावात. भाचीच्या बारशापुरता मी केलेला. पण बारशाला आलेल्या बायकांनी मला बघितलं, आणि झालं! आज ह्यांच्याकडे बारसं, परवा त्यांच्याकडे. दत्तोबा गेले, तरी माझं फिरणं थांबलं नाही. त्यांची बायको सगुणाबाई मला सांभाळते. माझ्यासारखीच संशयी बाई. कुणी न्यायला आलं की आधी विचारणार, “दोरी कुठली बांधणार? आढं मजबूत हाय का? गेल्या येळेला कुणी पोरगं बसवून झोके दिले व्हते, मला समदं ठावं हाय.”

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरी बारसं होतं, त्या घरानं बाळाच्या झबल्याची एक चिंधी माझ्या कठड्याला बांधायची. आमच्या गावची चिंधी डोक्याच्या बाजूला, परगावची पायाच्या बाजूला. परगावी मी क्वचित जायचो, त्यामुळे पायाची बाजू बहुतेक उघडीच असायची. दर पाडव्याला सगुणाबाई जुन्या चिंध्या सोडते आणि नवं वर्ष मोकळ्या कठड्यानं सुरू होतं.

मग गेल्या जुलैत पूर आला. बारा तारखेला नदी चढली, पुलावरून पाणी गेलं, आणि खालच्या आळीतली चाळीस घरं वरच्या शाळेत येऊन राहिली. सगुणाबाईनं भांडी सोडली, पण मला सोडलं नाही. शाळेच्या खिडकीला दोरीनं बांधून ठेवलं. सहा दिवस लाईट नव्हती. एका वर्गात दहा-दहा कुटुंबं, मध्ये साडीचा आडोसा, ओल्या गोधड्यांचा वास, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं, आणि दर तासाला “साप, साप” अशी बोंब. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पुढं जे गावभर पसरलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

झालं असं, की यंदा पाडव्यानंतर मला क्षणाची फुरसत मिळेना. एका महिन्यात आठ बारशी! तेव्हा पारावर दादासाहेब बोलले. दादासाहेब म्हणजे आमचे पुढारी, जमिनी विकून खोल्या बांधल्या, कामगारांना भाड्यानं दिल्या, आणि आता दिवसभर पारावर मतं वाटतात. ते म्हणाले, “अरे, साधा हिशोब हाय. सहा दिवस लाईट न्हाई, टीव्ही न्हाई, मोबाईल बंद. माणसं करणार काय? ही समदी पुराची पोरं हायेत, राव!”

सगळा पार हसला. दोन दिवसांत कुठलासा चॅनेलवाला कॅमेरा घेऊन आला आणि त्यानं माझा फोटो काढला. माझा! बावीस वर्षांत मला कुणी कॅमेऱ्यासमोर धरलं नव्हतं. खरं सांगतो मित्रांनो, मी फुगलो. मला आतून पक्कं माहीत होतं की ही लोणकढी थाप आहे. त्या आठांतली दोन बाळं तर मार्चच्या शेवटी जन्मली होती, म्हणजे पूर यायच्या आधीच ती आईच्या पोटात होती. आणि गर्दीचं कारण तर माझ्या कठड्यावरच लटकत होतं. नदीच्या खालच्या अंगाला जे गाव आहे, त्यांचा स्वतःचा पाळणा होता. तो पुरात वाहून गेला. त्यामुळे त्यांची सगळी बारशीसुद्धा माझ्यावर आली. पायाच्या बाजूला पाच चिंध्या होत्या, डोक्याच्या बाजूला अवघ्या तीन. पण लोकांनी चिंध्या बघितल्याच नाहीत, नुसत्या माझ्या फेऱ्या मोजल्या. आणि मला तरी त्यांचा गैरसमज कुठं नको होता?

आता त्याचे परिणाम ऐका.

पंचवीस एप्रिलला वरच्या आळीतल्या सुभद्राबाईंच्या सुनेला, पूनमला, मुलगा झाला. पूनमची पहिली मुलगी स्नेहल चार वर्षांची आहे. तिच्या बारशाला मीच गेलो होतो. पूनमचा नवरा ओंकार चाकणला कंपनीत आहे. पारावर ही बातमी आली तेव्हा बन्सी तिथं होता. बन्सीला दुसऱ्याच्या घरातली गोष्ट स्वतःच्या जेवणापेक्षा प्यारी. त्यानं बोटं मोजली आणि म्हणाला, “नऊ महिने नऊ दिवस मागं गेलं तर सोळा जुलै. बघा, हेबी पुराचंच!” सगळे हसले. मग त्याचंच तोंड एकदम उतरलं. “पन ओंकार तर तवा कंपनीतच अडकला व्हता की. पूल बंद व्हता.”

एकेक जण उठून घराकडे निघाला. मी समोरच सगुणाबाईच्या ओसरीवर टांगलेला होतो. त्या उठून जाण्याची मला जास्त भीती वाटली. हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत ते सुभद्राबाईंच्या कानावर गेलं. नातू झाला, पण पेढे वाटले नाहीत. ओंकार डबल शिफ्ट करू लागला, घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दहा दिवस झाले, अकरावा गेला, मला न्यायला कोणी आलं नाही. आणि बातमी आली की बारसं करायचं नाही, पूनमला बाळासकट माहेरी पाठवून द्यायचं, कायमचं. मी आढ्याला लटकून स्वतःला शिव्या घालत होतो. ज्या थापेवर मी इतके दिवस मिरवलो, त्याच थापेनं एका बाईचं घर मोडायला निघालं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी सगुणाबाई उठली, मला खाली काढलं आणि दारातून जाणाऱ्या बन्सीला हाक मारली. “बन्स्या, हिकडं ये. पाळणा डोक्यावर घे.”

“कुठं न्यायचाय, मावशी?”

“तू जिथं आग लावलीस तिथं.”

मला डोक्यावर घेऊन बन्सी सगुणाबाईच्या मागोमाग भर गावातून चालला, आणि चार बायका कुतूहलानं आमच्या मागं लागल्या. सुभद्राबाई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. ओंकार नुकताच शिफ्टवरून आला होता. मला बघून सुभद्राबाई उठल्या. “सगुणा, म्या पाळणा मागितला न्हाई.”

“ठावं हाय मला. पाळणा ऱ्हाऊ दे बाजूला. मला एवढंच सांग, ओंकार पुरातनं घरी कवा आला?”

“एकोणीस तारखेला. पूल उघडला त्या दिशी.”

“दारात त्याच्यावरनं भाकरतुकडा कुणी ओवाळून टाकला?”

“मीच.”

“बायको असताना तू का? पूनमनं का न्हाई ओवाळला?”

“ती कशी ओवाळंल? ती बाजूला बसली व्हती. माझ्या घरात अजून चार दिस पाळत्यात, तुमच्यासारखं न्हाई...” सुभद्राबाईंचं वाक्य तिथंच अडलं. हातातलं सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं.

मित्रांनो, तुम्हाला कळलं नसेल तर सांगतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत बाईला महिन्याची पाळी आली की ती चार दिवस बाजूला बसते, स्वयंपाकाला आणि देवाला हात लावत नाही. ही रीत बरी की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पोटात बाळ असताना पाळी येत नाही. म्हणजे ओंकार घरी आला त्या दिवशी पूनमच्या पोटात बाळ नव्हतंच. आणि ह्याची साक्षीदार कोण? स्वतः सासू! दवाखानेवाले तर दिवस पाळीपासूनच मोजतात. तिथून मोजलं तर एप्रिलअखेर बरोब्बर येते. बन्सीनं काढलेली सोळा तारीख म्हणजे पाळीचा दिवस, बाळ पोटात राहिल्याचा नव्हे.

सगुणाबाई बन्सीकडे वळली. “आनि तू! ह्या कठड्यावरच्या चिंध्या मोज. मोठ्यानं.”

बन्सीनं मोजल्या. डोक्याकडे तीन, पायाकडे पाच.

“गेल्या साली एवढ्याच दिसांत आपल्या गावची बारशी चार झाली. हे बाळ धरून औंदाबी चारच व्हत्यात. कुठं हायेत तुझी पुराची पोरं? खालच्या गावचा पाळणा वाहून गेला, त्यांची पोरं मोजून आपल्या गावच्या सुनेवर खापर फोडलंस, मुडद्या!”

दारात पूनम उभी होती, बाळ खांद्यावर. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. तिचा आवाज चढला नाही. “आत्याबाई, दहा दिस तुमी ताट दाराशी ठेवून जात व्हता. मला वाटलं सोयर हाय म्हनून. अकराव्या दिशीबी तसंच ठेवलं, तवा मला कळलं.” मग तिनं ओंकारकडे पाहिलं. “आनि तुमी? तुमी तर घरी आला तवा मी कुठं बसले व्हते ते बघितलं व्हतं.”

सुभद्राबाई रडायला लागल्या, मला आढ्याला बांधू लागल्या, गाठ काही बसेना. शेवटी सगुणाबाईनं ती बांधली. त्याच दुपारी बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, बाळाचं नाव सोपान ठेवलं. पण पूनमनं माझी दोरी हातात घेतली नाही. संध्याकाळी स्नेहलचं बोट धरून, बाळ घेऊन ती स्वतःच्या मर्जीनं माहेरी गेली. जाताना ओंकारला म्हणाली, “न्यायला यायचं असलं तर आधी पारावर उभं राहून सांगून या, चूक कुणाची व्हती ते. तिथनं माझ्यावर बोट उठलं तवा तुमी गप बसला व्हता.”

ओंकारला त्याला तीन आठवडे लागले. पण तो पारावर उभा राहिला, दादासाहेबांसमोर, बन्सीसमोर, आणि म्हणाला, “माझी बायको खरी व्हती. मी खोटा पडलो.” मग मोटरसायकलला किक मारून तो गेला. पूनम आली परत. सासूशी बोलते, पण मोजकंच.

मित्रांनो, मला घरोघर नेता तेव्हा माझी दोरी तपासा, मला उन्हात टाकू नका, मोठी पोरं माझ्यात बसवू नका. एवढं केलंत तर मी आणखी वीस वर्षं टिकेन. पण माझ्या फेऱ्या मोजून कुणाच्या संसाराचा निकाल लावू नका. पाऊस पडला, पूर आला, लाईट गेली, म्हणून पोरं वाढली असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी विचारा, कुठली पोरं, कुठल्या गावची, कधी मोजली. आणि एखाद्या बाईबद्दल शंका आली, तर ती पारावर नेऊ नका, तिलाच विचारा. पूनम बारा दिवस त्याच घरात, त्याच खोलीत होती, आणि दाराला आतून कडीसुद्धा घातलेली नव्हती.