शालिग्रामनानांच्या ॲम्प्लिफायरची घरघर

शालिग्रामनानांनी पाचोऱ्याच्या एका रेडिओ दुकानात तीस वर्षं सोल्डरिंगचे डाग देण्यात घालवली, पण स्वतःच्या ॲम्प्लिफायरपुढे त्यांनी हात टेकले होते. चोपड्याकडच्या आपल्या मळ्यात बसून, कानबाई देवीच्या उत्सवातल्या गाण्यांसाठी त्यांनी तो घरीच जुळवला होता. गाणार होती त्यांची बायको कुंदाबाई, आणि नानांचा हट्ट असा की गाणं थांबलं की यंत्र चालू आहे हेसुद्धा कुणाला कळता कामा नये. कुंदाबाई म्हणायची, "मना गळा बरा शे, त्याले मशीन कशाले?" नाना अशा वेळी बहिरे होत.

आधी आवाज होता टक् टक् असा, सेकंदाला एक. नानांनी कंडेन्सर बदलले, माईकची वायर बदलली, तरी टक् टक् चालूच. शेवटी शनिवारी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मक्याभोवती तारेचं कुंपण होतं आणि त्याला झटका मशीन लावलेलं होतं. बॅटरीवरचं हे यंत्र दर सेकंदाला तारेत एक ठोका सोडतं. रानडुक्कर दचकून पळतं, मरत नाही. नानांनी ते बंद केलं आणि भोंगा मुका झाला! मग सगळं काम उरकेपर्यंत राहू दे बंद, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी विळा घेऊन गवताला निघताना कुंदाबाईने विचारलं, "तार बंद शे ना हो?"

"बंद शे. बिनधास्त जाय," नाना मान वर न करता म्हणाले.

दहाच्या सुमारास भोंग्यातून नवीनच आवाज सुरू झाला. या खेपेला टक् टक् नव्हती, जाड, सलग घरघर होती. नानांचं डोकंच फिरलं. माईक काढला, घरघर आहेच. ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, तरी आहेच. त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, ॲम्प्लिफायरची पिन बोर्डातून उपसली आणि पेटीमागची अर्थिंगची तार घट्ट करायला हात घातला. ही तार त्यांनी स्वतः कुंपणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा घालून जमिनीत गाडलेली होती.

बोटांना चुणचुण झाली.

नाना दचकले. पिन तर बाहेर, मग करंट आला कुठून? त्यांनी तारेला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. तीस वर्षांत असं त्यांनी पाहिलं नव्हतं. करंट जमिनीतून येत होता.

"मयुरी!" त्यांनी सुनेला हाक मारली. "कुंपणले कोनी हात लावा का?"

मयुरी डाळ निवडत होती. ती सहज म्हणाली, "परवानी रातले डुकरं मकामां घुसनात ना. मशीन चालूच नही व्हयनं, मंग यास्नी मोटरनी लाईटनी तार डायरेक्ट लाई दिन्ही. रातनी लाईट शे, दिवसा काय भ्याव नही म्हने."

नानांच्या पायाखालची जमीन सरकली. मशीन बिघडलं नव्हतं, त्यांनी बंद केलं होतं, आणि लेकाला, ललितला, ते सांगायचं राहून गेलं होतं. शेतीची लाईट घरच्यापेक्षा वेगळी, एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. आज सोमवार, आजपासून दिवसपाळी. दहा वाजता लाईट आली, दहालाच घरघर सुरू झाली. ललित सकाळीच चोपड्याला गेलेला. ओल्या गवतातून जमिनीत उतरणारी ती सगळी लाईट नाना दोन तास ॲम्प्लिफायरमध्ये शोधत बसले होते!

त्यांनी मान वर केली. शेताच्या पलीकडच्या टोकाला डोक्यावर गवताचा भारा घेऊन कुंदाबाई येत होती. तार बंद असली की ती डाव्या हाताने मधली तार उचलते आणि खालून वाकून येते. विहिरीवरचा मोटरचा स्टार्टर दुसऱ्या टोकाला, पळत गेलं तरी उशीर. हाक तिथवर पोचणार नाही.

नानांनी पिन बोर्डात खुपसली आणि माईक तोंडाशी धरला. "थांब! तारले हात लावू नको!"

पत्र्यावरचा भोंगा घरघरत कडाडला, पण त्या घरघरीत शब्द फाटून गेले. कुंदाबाईने नुसता हात हलवला. आठ दिवस नवरा त्या भोंग्यात हॅलो हॅलो ओरडत होता; आजही तेच चाललंय असं तिला वाटलं. ती आणखी चार पावलं आली आणि तिने डावा हात पुढे केला.

माईकच्या जाळीचे चटके ओठांना बसत होते. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला "ललितनी माय" म्हणूनच हाक मारली होती. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत त्यांच्या घरात नव्हती.

"कुंदा!" नाना छाती फोडून ओरडले. "कुंदाऽऽ! कुंदाऽऽ!"

कुंदाबाई जागच्या जागी थिजली. तिचा हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

"मांगे सरक, कुंदा! मांगे!"

ती मागे सरकली. नानांनी माईक टाकला आणि चिखलातून विहिरीकडे धाव घेतली. स्टार्टर पाडला, फ्यूज उपसून खिशात घातले आणि धापा टाकत ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मध्ये ती तार होती. कुंदाबाई लाजेने आणि रागाने लाल झाली होती.

"चार गावले ऐकू जाई असं नाव लिधं मनं! लाज नही वाटनी तुमले?"

नानांनी नुसतं तारेकडे बोट दाखवलं. तारेखाली, तिच्या पायांपासून दोन हातांवर, एक मुंगूस आखडून मरून पडलं होतं.

कुंदाबाईने ते पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच त सकायले सांगं," ती हळू म्हणाली, "तार बंद शे."

"मीच सांगं," नाना म्हणाले आणि मटकन चिखलात बसले.

तिने भारा खाली टाकला. डावा तळहात लुगड्याला पुसला, मग पुन्हा पुसला. फ्यूज खिशात आहेत असं नाना सांगत राहिले, तरी ती तारेखालून आली नाही. सगळ्या शेताला वळसा घालून घरी आली.